मृगाआधी घराकडे बघा : आपल्या हातांनी करता येणारी आणि घराची किंमत राखणारी दुरुस्ती

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. भाषणकर्ते : विस्तार अधिकारी, कृषी)



रब्बीच्या राशी घरात आल्या. नांगरट झाली, कुळवाच्या पाळ्या चालू आहेत. अक्षय तृतीया ते मृग या दिवसांत आपण बियाणे, खते, बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टर याच गोष्टींचा विचार करतो, आणि या कार्यक्रमातही त्याच गोष्टी सांगितल्या जातात. आज मात्र मी शेताविषयी बोलणार नाही. आज आपण घराविषयी बोलू.

तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाला घराचं काय कळतं? खरं आहे, मी काही इंजिनिअर नाही. पण लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर या भागातलं आपलं जुनं घर म्हणजे दगड, लाकूड आणि माती. भिंतीत माती, डोक्यावर माती, जोत्याखाली माती. आणि माती हा आमचा विषय आहे. शेतात पाणी आणि माती यांचं जे गणित चालतं, तेच घरात चालतं. फरक एवढाच की शेतात पाणी मुरावं म्हणून आपण धडपडतो आणि घरात ते मुरू नये म्हणून धडपडायचं असतं.

आता घराच्या किमतीविषयी दोन शब्द. शहरात घर विकायचं म्हणून लोक रंगरंगोटी करतात. गावात घर रोज विकलं जात नाही. तरी किंमत होते, आणि ती तीन-चार वेळा होते. भावाभावांची वाटणी होते तेव्हा होते. बँकेत किंवा सोसायटीत तारणाचा प्रश्न येतो तेव्हा होते. मुलाची सोयरीक जमवायला पाहुणे येतात तेव्हा ते ओसरीवर चहा पितात, पण नजर माजघरात आणि न्हाणीकडे असते. आणि एखाद्याला पोरांच्या शिक्षणासाठी तालुक्याला जायचं असतं तेव्हा घर खरोखरच विकावं लागतं.

अशा वेळी आपल्या भागात एक वाईट शब्द ऐकू येतो. गिऱ्हाईक येतं, वर बघतं, भिंतीवर हात फिरवतं आणि म्हणतं, 'लाकडाच्या भावानं देणार का?' म्हणजे घर म्हणून किंमत नाहीच. खांब, तुळया, दारं यांचं सागवान आणि घडीव दगड, एवढ्याचेच पैसे. ज्या घरात तीन पिढ्या नांदल्या ते घर मोडून, ट्रॅक्टरमध्ये भरून जातं. असं का होतं? घर जुनं झालं म्हणून नव्हे. शंभर वर्षांची कोरडी घरं आजही उभी आहेत आणि त्यांना घराचीच किंमत येते. गळणारं घर लाकडाच्या भावानं जातं. म्हणून ज्याला चार पैसे आणि चार दिवस घरावर घालायचे आहेत, त्याने पहिल्यांदा पाणी अडवावं. रंग, फरशी, कमान हे सगळं त्यानंतर.

माझ्या कामाच्या गावांपैकी एका गावात एकाच वाड्याचे दोन भाग आहेत. वाटणी झाली तेव्हा दोन्ही भावांना सारखेच तीन-तीन खण आले. थोरल्याने दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर चकचकीत टाईल्स लावल्या, दारावर कमान केली. धाकट्याकडे तेवढी ऐपत नव्हती. त्याने बायको-पोरांना हाताशी घेऊन माळवदाची जुनी माती उतरवली, पन्हळी बदलल्या, मागच्या भिंतीलगतचा उकिरडा हलवला. पुढे हस्ताच्या पावसात थोरल्याच्या मागच्या भिंतीने पोट काढलं आणि एका रात्री ती बसली. माणसं पुढे झोपली होती म्हणून वाचली, पण ज्वारीची पोती ढिगाऱ्याखाली गेली. टाईल्स अजून आहेत, पण त्यांच्यामागे घर नाही. धाकट्याच्या घरात आजही बळदात धान्य ठेवतात आणि ते कोरडं राहतं. खर्च कुणाचा जास्त झाला होता हे सांगायला नको.

माळवदावर माती किती?

माळवद ही आपल्या हवामानाला शोभणारी चांगली गोष्ट आहे. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना माळवदाखाली दुपारी झोप लागते, हे पत्र्याखाली राहणाऱ्याला विचारा. पण माळवदाला एक खोड आहे, आणि ती खोड माळवदाची नसून आपली आहे. दर वर्षी पावसाच्या तोंडावर आपण वर नवीन मातीचा थर देतो. जुनी माती काढत नाही, नवी टाकतो. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकतो. गळतं तिथे आणखी दोन टोपली टाकतो. असं करता करता वीतभर माती होती ती दोन फूट होते.

या मातीचं वजन किती होतं, ते एकदा मांडून बघू. दाबून बसलेली कोरडी माती एका घनमीटरला साधारण सोळा-सतरा क्विंटल भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली धरा. तिच्यावर दोन फूट माती असेल तर ती सुमारे ९० क्विंटल होते. म्हणजे ज्वारीची क्विंटलाची ९० पोती तुम्ही एका खोलीच्या डोक्यावर रचून ठेवली आहेत, आणि त्या पोत्यांखाली लेकरं झोपली आहेत. हे कोरड्या मातीचं वजन झालं. पावसाने भिजली की यात आणखी भर पडते. तीच माती वीतभर, म्हणजे ८ इंच ठेवली, तर वजन ३० क्विंटलच्या आसपास येतं. दोन हिश्शांनी ओझं कमी.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. माझ्या वयाच्या लोकांनी हे वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे, आणि ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : माणसं हादऱ्याने मेली नाहीत, मातीने आणि दगडाने मेली. नंतर तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा हेच आढळलं. वर मातीचं जड माळवद, खाली मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर होते, पण त्यांना एकमेकांत बांधणारा लांब दगडच नव्हता. हादरा बसताच दोन्ही पदर सुटले. तेव्हा जुनी घरं मजबूत करण्यासाठी जे उपाय सांगितले गेले, त्यांत पहिला उपाय होता वरची माती कमी करा. तो उपाय फुकटाचा आहे. त्याला खोरं, टोपली आणि घरातली माणसं लागतात. तरीही आज कित्येक माळवदांवर हात-हात माती आहे. भूकंप रोज होत नाही, पण ओझं रोजचं आहे. तुळई वाकते ती त्यानेच.

माती उतरवण्याची रीत

आधी मोजा. माळवदावर चार ठिकाणी बारीक सळई हलक्या हाताने खाली घाला. किलचणाच्या लाकडाला लागली की थांबा, खूण करा आणि वर काढून मोजा. मधोमध आणि कडेला माती सारखी नसते, म्हणून चार ठिकाणी.

मग घरात उतरा आणि वर बघा. तुळई मधे झुकली आहे का? खांबाच्या डोक्याशी तुळईचं टोक काळं पडलं आहे का? टोकदार खिळ्याने लाकूड टोचून बघा. खिळा लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर लाकूड कुजलं आहे. असं असेल तर तिथे काम करायचं धाडस स्वतः करू नका, आधी सुताराला बोलवा आणि त्याच्याकडून खालून टेकू लावून घ्या. बाकीचं काम नंतर. हे मी मुद्दाम बजावून सांगतो, कारण 'काही होत नाही' म्हणून वर चढणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

लाकूड ठणठणीत असेल तर काम सुरू करा. घर रिकामं करा. वर काम चालू असताना खाली कुणीही, अगदी शेरडू सुद्धा, राहू नये. माती एका बाजूने खरवडत नेऊ नका. एक बाजू मोकळी आणि दुसरीवर डोंगर, असं झालं की तुळईवर वाकडा भार पडतो. चार-चार बोटांचा थर सगळीकडून सारखा काढत जा. काढलेली माती वर ढीग करून ठेवू नका, लगेच खाली उतरवा. खाली उतरवताना भिंतीच्या पायथ्याशी ढीग मारू नका, लांब टाका. दोघा-तिघांना एका खणाला दोन-तीन दिवस लागतील. ऊन टाळून सकाळी लवकर आणि चारनंतर काम करावं.

माती खालपर्यंत आली की किलचणावरचा जुना पाला, तुराट्या कुजल्या असतील त्या बदला. त्यावर चार बोटं चिखलाचा थर द्या, वाळू द्या, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. हा कागद बाजारातून आणायलाच पाहिजे असं नाही. गावात कुणी शेततळं केलं असेल तर त्याचे उरलेले जाड तुकडे मिळतात, ते फार चांगले. फक्त जोड देताना लक्षात ठेवा : उताराच्या वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्यावर निदान एक फूट आला पाहिजे, उलट नको. कौलं जशी एकावर एक बसतात तसं. कागदाला छिद्र पडेल असे खडे खाली-वर राहू देऊ नका. त्यावर उरलेली माती. चिखल आणि माती मिळून एक वीत, त्याहून जास्त नाही.

कोणती माती? इथे मला आमच्या विषयातली एक गंमत सांगू द्या. शेतात जी माती आपण शिव्या देऊन ओळखतो ती चोपण माती. पाणी वर साचून राहतं, मुरत नाही, पीक पिवळं पडतं. तिच्यात सोडियमचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि मातीची बारीक छिद्रं बुजून जातात. पाणी आत जायला वाटच राहत नाही. शेताला ती शाप, पण माळवदाला नेमकं हेच हवं आहे. आपल्या जुन्या माणसांना सोडियम ठाऊक नव्हता, तरी ते खारी माती गाडीने आणून माळवदावर टाकत. माती चोपण आहे का याची शंका असेल तर नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू साडेआठच्या वर आला तर चोपण समजा. काळी माती मात्र माळवदावर कधीही टाकू नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पहिल्याच वळवात त्या भेगांतून धार लागते.

चोपण मातीचा एक दोषही आहे. ती वाहत्या पाण्याबरोबर चटकन धुपते. म्हणून माळवदाला उतार हवा, पण तो हळुवार हवा. दहा फुटांना तीन-चार इंच पुरे. वरून गव्हाचा भुसा मिसळून चांगला कुजवलेल्या चिखलाचा हात फिरवा आणि धुमशाने चोपून घ्या.

माळवदावरून उतरवलेली माती शेतात नेण्याचा मोह होतो. गावठाणातली जुनी पांढरी माती शेतात टाकायची रीत होतीच. पण माळवदाची माती चोपण असेल तर ती शेतात नेऊन पायावर धोंडा पाडून घेऊ नका. परीक्षण करून मगच न्या. नाहीतर ती अंगणात भराव म्हणून उपयोगी पडते.

पन्हळ आणि जोतं

आता दुसरा हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस फूट माळवदावर एक इंच पाऊस पडला तर साडेअकराशे लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे दोनशे लिटरचे सहा-एक पिंप. हे सगळं पाणी दोन पन्हळीतून खाली येतं. पन्हळ आखूड असेल तर ते भिंतीवरूनच ओघळतं आणि नेमकं पायाशी पडतं. दर वर्षी चार महिने असे पिंप भिंतीच्या मुळाशी ओतले तर भिंत काय करील?

म्हणून पन्हळ भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट आली पाहिजे. पीव्हीसी पाईपचा तुकडा चालतो, त्याला तोंडाशी खाली वाकवणारा जोड आणि शक्य असेल तर जमिनीपर्यंत उभा पाईप द्या. पाणी जिथे पडतं तिथे सपाट दगड ठेवा, म्हणजे शिंतोडे आणि खड्डा होणार नाही. तिथून चर काढून पाणी परसातल्या केळीला, कढीपत्त्याला सोडा.

जोत्यालगत चारही बाजूंनी जमीन घराकडून बाहेर उतरती हवी. कित्येक घरांत वर्षानुवर्षं अंगणात भर पडून अंगण वर आणि जोतं खाली गेलेलं असतं. ते पाहिलं की मला दिसतं ते घर नव्हे, बांध फुटलेलं वावर. ती भर खोदून काढा. मग भिंतीलगत अडीच-तीन फूट रुंद पट्टा मुरूम ठोकून त्यावर शहाबादी फरशीचे तुकडे बसवा. तुटकी फरशी दुकानदार कमी पैशांत देतो. उतार बाहेरच्या बाजूला, सांधे चुना-वाळूने किंवा सिमेंट-वाळूने भरलेले. हे काम घरच्या माणसाला सहज जमतं.

काळ्या जमिनीत ज्यांचं घर आहे त्यांनी हे दुप्पट काळजीने करावं. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्याच मिटतात. तीच माती घराच्या पायाखालीही श्वास घेत असते. एका कोपऱ्यात न्हाणीचं पाणी मुरतं, तिथली माती फुगलेली. दुसरा कोपरा कोरडा, तिथली आकसलेली. घराची एक बाजू उचलली जाते, एक बसते, आणि भिंतीला तिरकी चीर पडते. मग आपण ती चीर सिमेंटने बुजवतो आणि पुढच्या वर्षी ती शेजारी उमटते. चीर जिवंत आहे की मेली, हे पाहायचा सोपा उपाय आहे. चिरेवर आडवी कागदाची पट्टी घट्ट खळीने चिकटवा, त्यावर तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांत पट्टी फाटली तर चीर वाढते आहे. तेव्हा आधी पाण्याचं मूळ शोधा, चीर मग बुजवा.

भिंतीला टेकलेला उकिरडा, गोवऱ्यांचा ढीग, सरपण, हे सगळं हलवा. ओल तिथून चढते आणि वाळवीही तिथूनच चढते. वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली की खरवडून काढा आणि ती जागा कोरडी करा. शेतातलं औषध आणून घरात फवारण्याचा उद्योग करू नका. आत माणसं राहतात, धान्य असतं. भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते बोटभर असतानाच मुळासकट काढावं.

भिंतीने पोट काढलं असेल, म्हणजे मधे फुगली असेल, तर ते घरच्या माणसाचं काम नाही. तिथे जाणत्या गवंड्याकडून भिंतीत आरपार भोकं घेऊन लोखंडी सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही पदर एकमेकांना बांधून घ्यावे लागतात. किल्लारीनंतर हीच रीत वापरली गेली. तसेच खांब आणि तुळई यांच्या काटकोनात तिरके लाकडी धिरे ठोकून घेतले तर लाकडी सांगाडा डुलत नाही. हे काम सुतार एका दिवसात करून देतो.

सिमेंटचा सोस

आता मी जे सांगणार आहे ते पुष्कळांना आवडणार नाही. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचं कवच बसलं की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. भिंत आतून भुसभुशीत होते, आणि दोन-चार वर्षांनी गिलाव्याची पापुद्र्यासारखी खापरं निघतात. निघताना भिंतीची मातीही घेऊन येतात. वरून घर पक्कं दिसतं, म्हणून लोक फसतात. जाणतं गिऱ्हाईक बोटाने टकटक करतं, पोकळ आवाज आला की किंमत पाडतं.

त्यापेक्षा मातीचा गिलावा घरच्या हातांनी होतो. पांढरी माती, थोडी वाळू, गव्हाचा भुसा आणि शेण एकत्र भिजवून सात-आठ दिवस कुजू द्या, रोज तुडवा. आधी हातभर जागेवर लावून बघा. वाळल्यावर भेगा पडल्या तर वाळू वाढवा, हात लावताच माती झडली तर चिकण माती वाढवा. हे जमलं की दोन थर द्या आणि वर चुन्याची सफेदी. आपल्या आया-बहिणी पोतेरं आणि सारवण यांत पटाईत असतात. त्यांच्या हाताला या कामाचा अंदाज आपल्यापेक्षा लवकर येतो.

चुना कळीचा आणावा. भिजवताना पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलट केलं तर चुना उसळून तोंडावर येतो. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा किंवा निदान गमछा आडवा असू द्या. डोळ्यात गेलाच तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. रात्रभर भिजलेला चुना दुसऱ्या दिवशी गाळून वापरा.

ज्यांच्या घरावर पत्रे किंवा स्लॅब आहे त्यांनी हाच चुना छतावर वरून द्यावा. पांढऱ्या छतावरून ऊन परततं आणि दुपारी आत दोन-चार अंशांचा फरक पडतो. चुन्यात थोडं फेविकॉल मिसळलं तर तो लवकर धुऊन जात नाही. पत्र्यावर थेट पाय देऊ नका, आडवी फळी टाकून तिच्यावर बसून काम करा. पत्र्याचे सैल हुक आवळून घ्यायचे ते याच वेळी.

उजेड, न्हाणी आणि संडास

माळवदाच्या घरात अंधार असतो म्हणून नवी माणसं नाक मुरडतात. भिंत फोडून मोठ्या खिडक्या पाडू नका. त्याने भिंत दुबळी होते. जुनं साणं बुजवलं असेल तर ते मोकळं करा, भोवती वीतभर उंच कठडा घ्या आणि वर जाड काच उतरती बसवा. कडेला जाळी ठेवली तर धूर आणि वाफही जाते. एका साण्याने माजघराचं रूप पालटतं आणि दिवसा बल्ब लागत नाही.

न्हाणीचं पाणी घरापासून लांब नेऊन शोषखड्ड्यात सोडा. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधे भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले. त्यालाच पुढे जादुई शोषखड्डा म्हणू लागले. टाकी वरचेवर साफ करायची, एवढीच मेहनत.

संडास नसेल, किंवा असून त्यात सरपण भरून ठेवलं असेल, तर तेवढ्या एका गोष्टीने सोयरीक मोडते हे तुम्हांला ठाऊक आहे. दोन खड्ड्यांचा संडास करा. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं खत होतं, त्याला वास राहत नाही, ते शेताला चालतं. आडापासून किंवा बोअरपासून खड्डे निदान ३० ते ३५ फूट लांब असावेत. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून तिथे खड्ड्याच्या बांधकामाबाहेर चोहोबाजूंनी फूटभर जाडीची वाळू किंवा विटांचे तुकडे भरायला गवंड्याला सांगा. हे सांगितल्याशिवाय तो भरत नाही.

कागद

घर कितीही कोरडं केलं तरी कागद नसेल तर बँकेच्या दारात त्याची किंमत होत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर नाव कुणाचं, लांबी-रुंदी किती, बांधकाम कोणतं लिहिलं आहे ते वाचा. आजोबांचंच नाव असेल तर वारसांची नोंद लावून घ्या. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होत आली आहे. तुमच्या गावाची झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्या आणि हद्दी जुळतात का ते बघा. चूक असेल तर लगेच लेखी अर्ज द्या. सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी भावकीशी बोला. बोलणं झालं की कागदावर दोन ओळी लिहून सह्या घ्या, मग संबंध कितीही गोड असोत. आणि खोली वाढवणार असाल तर आधी ग्रामपंचायतीची परवानगी.

एवढी सगळी कामं एका उन्हाळ्यात होणार नाहीत, आणि करायलाही नकोत. यंदा माळवदाची माती आणि पन्हळी. पुढच्या वर्षी जोतं. गिलावा आणि फरशी त्यानंतर.

मृगाचा पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा हातात गेरूचा खडा घेऊन घरात एक फेरी मारा. जिथे ठिपका दिसेल, जिथे भिंत ओली लागेल, तिथे गोल खूण करा. पाऊस उघडल्यावर बाहेरून त्याच जागी जाऊन पाणी कुठून आलं ते बघा. पाणी ज्या ठिकाणी आत टपकतं, तिथेच ते वर शिरलेलं असतं असं नाही. किलचणावरून ते पाच-सात फूट वाहत येतं. तेव्हा उताराच्या वरच्या बाजूला शोधा. सापडलं की दुसऱ्या पावसाची वाट न बघता त्याच दिवशी तिथली माती बाजूला करून कागदाचा जोड तपासा, आणि नवी टोपली टाकण्यापूर्वी तेवढीच जुनी माती काढा.